पिन, पेन आणि मिस वर्लीनच्या हाताखालची हनुवटी

वर्लीन स्टेगॉलला नुसतं ‘वर्लीन’ म्हणणारी माणसं आमच्या गावात दोनच, तिचा नवरा आणि पोस्टातला कारकून. बाकी सगळ्यांची ती मिस वर्लीन. लग्नाला एकतीस वर्षं झाली, दोन नातवंडं झाली, तरी मिसच. अमेरिकेच्या दक्षिणेत, आमच्या आर्कन्सॉत, लग्नामुळे एवढा फरक पडत नाही.

बावीस वर्षं ती शाळेत पहिलीच्या वर्गाची मदतनीस होती. बाई शिकवतात आणि मदतनीस बाकीचं सगळं करते. त्या ‘बाकीच्या’त नाकं पुसणं, बुटांच्या नाड्या बांधणं वगैरे आलंच, पण कोणत्या पोराला वाचायला जड जातंय हे बाईंच्या आधी ओळखणंही येई. असं पोर ती कोपऱ्यात घेऊन बसे आणि नाताळच्या सुट्टीपर्यंत ते वाचायला लागे. हे कसं होतं, असं तिला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं ते थेट परीक्षेनं, आणि तिथं तिला सांगता येईना.

झालं असं की, पहिलीच्या मिसेस ओडम निवृत्त झाल्या. मिस वर्लीननं शनिवारचे वर्ग करकरून पन्नाशीत पदवी घेतलेली होती. आता वर्ग आणि ती यांच्यामध्ये उरली होती शिक्षकांसाठीची वाचन आणि भाषेची सरकारी परीक्षा. तीत ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा एकाच भागात, शब्दांमधले आवाज ओळखण्याच्या.

“मिस वर्लीन, माझ्या हातात असतं तर आजच वर्ग दिला असता,” मुख्याध्यापक लेडबेटर म्हणाले. “पण वर कागद दाखवावा लागतो. एक ऑगस्टपर्यंत नाही आला, तर जागा बाहेरच्याला द्यावी लागेल.”

“मिस्टर लेडबेटर, तुम्हाला वाचायला कुणी शिकवलं?”

“माझ्या आईनं.”

“तिच्याकडे होता कागद?”

लेडबेटरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा होती.

शिकवायला पुढं आली ब्रिजेट नोवाक, दुसरीची बाई. वय सव्वीस, वर्षापूर्वी उत्तरेतल्या ओहायोहून आलेली. जानेवारीत बिनकोटाची फिरते म्हणून गावाला तिच्याबद्दल थोडी शंकाच होती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. दोघी रिकाम्या जेवणघरात बर्फाच्या चहाचे ग्लास घेऊन बसल्या.

“मी दोन शब्द म्हणते. सारखे की वेगळे, एवढंच सांगायचं. पिन. पेन.”

“सारखे.”

“नीट ऐका हं. पिन. पेन.”

“हनी, तू एकच शब्द दोनदा म्हणतेयस. मी काही बहिरी नाही.”

“बरं, कपड्याला लावतो त्याला तुम्ही काय म्हणता?”

“टोचायची पिन.”

“आणि लिहितो त्याला?”

“लिहायची पिन.”

ब्रिजेटनं ग्लास खाली ठेवला. दोनदा नापास होण्याचं कारण तिला सापडलं होतं.

आता यात मिस वर्लीनचा काय दोष? आमच्या गावात तोंडानं ‘पेन’ म्हणणारं माणूस नाही. लिहिताना सगळे बरोबर लिहितात, बोलताना दोन्हींची पिन होते. दुकानात ‘लिहायची की टोचायची’ विचारतात आणि दोन्ही एकाच गल्ल्यावर मिळतात. परीक्षेचे पेपर काढणारे मात्र दुसऱ्या गावचे.

घरी तिनं नवऱ्याला बातमी दिली. नवरा बेन गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो.

“बिन, ती पोरगी म्हणते तुझ्या नावात ए आहे.”

“लिहिताना आहेच की.”

“बोलतानासुद्धा आहे, म्हणते. मी म्हणते तो बिन म्हणजे भात साठवायची कोठी.”

बेननं चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे एकतीस वर्षं तू मला कोठी म्हणून हाका मारतेयस?”

“तुझी आईसुद्धा तशीच हाक मारायची.”

“तिनं निदान कोठी भरली तरी.”

पुढचे आठ दिवस ब्रिजेट पिन-पेन, टिन-टेन म्हणत राहिली आणि मिस वर्लीन ‘सारखे, सारखे’ म्हणत राहिली. नवव्या दिवशी तिनं ऐकणं सोडून दिलं. एखाद्या पोराला आवाज पकडता येईना की ती जे करी, तेच तिनं केलं. टेबलावरून वाकून ब्रिजेटच्या हनुवटीखाली तळहात धरला.

“हं, म्हण आता.”

“पिन.”

हात जागच्या जागी.

“पेन.”

हनुवटी हातावर टेकली.

“अगं बाई! ही तर खाली बसली! परत म्हण.”

ब्रिजेटनं चाळीस वेळा म्हटलं. जे कानाला बावन्न वर्षांत कळलं नव्हतं, ते हाताला एका सकाळीत कळलं.

मग मिस वर्लीनला हनुवट्यांचा नादच लागला. बेनची तपासली, शेजारणीची तपासली. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांना म्हणाली, “जरा ‘टेन’ म्हणा बघू.” पाद्रीबाबांनी हनुवटी पुढं केली आणि ‘टिन’ म्हटलं. तीही हलली नाही. अख्ख्या गावात ए म्हणताना खाली येणारी हनुवटी एकच, आणि ती ओहायोची. घरी मिस वर्लीन आरशासमोर तिची नक्कल करू लागली. बेन म्हणाला, आवाज बंद करून पाहिलं तर तू मासळीसारखी दिसतेस.

परीक्षाकेंद्र दोन तासांवर शहरात होतं. तिथं तिचा चष्मा उलटासुलटा करून तपासला, बाह्या वर करायला लावल्या. मग ती संगणकासमोर बसली, ब्रिजेटसारखं तोंड केलं आणि हनुवटीखाली हात धरला. थोड्या वेळानं देखरेखीवरची बाई येऊन वाकली.

“मॅम, दात दुखतोय का?”

“नाही हनी. पेपर सोडवतेय.”

“तोंडानं पुटपुटायचं नाही इथं.”

“आवाज कुठं काढतेय? तोंड नुसतं उघडतेय.”

त्या बाईनं नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. तोंड उघडण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

एक प्रश्न असा होता: एक मूल ‘टेन’ लिहायला सांगितलं की ‘टिन’ लिहितं, कारण काय? मागच्या दोन्ही वेळा मिस वर्लीननं ‘मुलाचं लक्ष नाही’ या उत्तरावर खूण केली होती. या वेळी तिनं ‘मूल जसं बोलतं तसंच लिहितं’ निवडलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली.

निकाल एकतीस जुलैला आला. पास, आणि वर चार गुण जास्तीचे. ब्रिजेट रडली. मिस वर्लीननं तिला रुमाल दिला आणि लेडबेटरांकडून वर्गाची किल्ली घेऊन आली.

ऑगस्टच्या मध्यावर शाळा उघडली. मिस वर्लीन फळ्याशी उभी राहून आपलं नाव लिहीत होती, तोच पहिल्या रांगेतली एक मुलगी सकाळचे पॅनकेक वहीवर ओकली. पाठची दोन पोरं ते पाहून रडायला लागली.

“या गं कुणीतरी, जरा हिला बघा,” असं म्हणत मिस वर्लीननं दाराकडे पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. तिच्या जुन्या, मदतनिसाच्या जागेची जाहिरात लागून दोन आठवडे झाले होते आणि एकही अर्ज आलेला नव्हता.

“पेन्सिली खाली ठेवा,” ती वर्गाला म्हणाली, आणि बादली आणायला गेली.