पडून राहून वसवलेलं शहर

पाचव्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता बाळंत होईपर्यंत पडून राहायचं. पहिलं लेकरू याच महिन्यात गेलं होतं, त्यामुळे घरात कुणी हुज्जत घातली नाही. आमच्या कुरुंद्यात घरोघरी हळद शिजत होती. नवरा साखर कारखान्यात कामाला, सासरे शेतात. घरी मी आणि सासूबाई. मोबाइल उघडला की नको ती माहिती वाचली जायची, म्हणून मी लॅपटॉपवर शहर वसवायचा खेळ सुरू केला.

आधी रस्ते, मग पाणी, वीज, सांडपाणी. मग घरांसाठी जागा आखायची आणि वाट बघायची. खाली कोपऱ्यात लोकसंख्येचा आकडा दिसे. तो वाढला की बरं वाटायचं, थांबला की हात आपोआप पोटावर जायचा. पुरेशी वस्ती झाल्याशिवाय खेळ मोठं हॉस्पिटल बांधू देत नव्हता, आणि मला ते हवंच होतं. म्हणून घाई केली. नदीपलीकडचा सगळा माळ एकदम घरांसाठी मोकळा केला. माणसं लोंढ्यानं आली.

सासूबाई लसूण सोलत शेजारी बसायच्या. "भरलं का गं तुझं गाव?"

"भरून राहिलंय, आत्या."

हॉस्पिटल अगदी हाताशी आलं आणि आकडा उतरायला लागला. पाणी होतं, वीज होती, तरी उतरत होता. घराघरावर काळी चिन्हं उगवली, तेव्हा उलगडा झाला. एकाच वेळी आलेली माणसं एकाच वेळी म्हातारी झाली होती आणि आता एकाच वेळी मरत होती. शववाहिन्या पुरेनात. रस्ते तुंबले.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "ह्या काळ्या गाड्या काहून फिरून राहिल्या?"

मी खरं ते सांगितलं.

"पोटुशी बाईनं मरणं बघत बसायचं? बंद कर आधी."

"खेळ आहे हो. आत्ता सोडलं तर सगळं शहर रिकामं होईल."

"होऊ दे रिकामं!" त्यांनी लॅपटॉप मिटला आणि नेऊन धान्याच्या कोठीवर ठेवला. मला उठायला बंदी होती, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोट दगडासारखं घट्ट झालं. सैल पडलं, पुन्हा आवळलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही नांदेडला निघालो. वसमतच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. खिडकीतून हात बाहेर काढून त्या ओरडत होत्या, "सरका रे बाबांनो, लेकरू हाय पोटात!" माझ्याशी मात्र एक शब्द नाही. त्यांना काय वाटत होतं ते मला कळत होतं. एवढी शिकलेली असून माझ्याही मनात तेच आलं होतं, याचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टरबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. बराच वेळ नुसती खरखर. मग ठोके ऐकू आले, घाईघाईचे. टाका शाबूत होता. सलाइन लावून मला वॉर्डात ठेवून घेतलं.

तिथं खाटेशी बसल्या बसल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, "तुझ्या त्या गावात कोन उरलं आसंल का?"

"असतील थोडे."

"मंग परत भरतीस व्हय?"

"भरीन. पण हळूहळू. एक गल्ली भरली की मग दुसरी."

घरी आल्यावर लॅपटॉप त्यांनीच खाली काढून दिला. मी एकेक गल्ली वसवत गेले. काळी गाडी दिसली की त्या मान वळवायच्या, पण बंद कर म्हणाल्या नाहीत. मोठ्या हॉस्पिटलाचा पाया घातला त्या सुमारास कळा सुरू झाल्या, आणि या वेळी त्या खऱ्या होत्या.

दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सासूबाई बाहेर उभ्या राहून बघायच्या, बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. एका सकाळी त्यांनी नर्सला अडवलं. "दूध वढून राहिली का वो?"

"आज पहिल्यांदा ओढलं, आजी."

सासूबाई भिंतीला पाठ टेकवून तिथंच फरशीवर बसल्या.