बिनवल्ह्याची स्पंदना

माझी पोर स्पंदना शर्यतीच्या नावेत बसते, पण वल्हं मारत नाही, हे कळलं तेव्हा मी हातातली कात्रीच खाली ठेवली. मंडी मोहल्ल्यात माझं शिवणाचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोर होतं, तरी विचारलं, "मग करतेस काय गं? नुसती मिरवतेस?"

"अप्पा, मी कॉक्स. चौघी वल्हवतात, मी सुकाणू धरते आणि ओरडते."

ओरडते! घरात हिचं तोंड उघडायला मुहूर्त बघावा लागतो, आणि घर मराठी असून उघडलंच तर इथल्या कन्नडात! मी काही विश्वास ठेवला नाही. खरंखोटं करायला राज्यस्पर्धेच्या अंतिम फेरीला स्कूटर काढून तलावावर गेलो.

पहिली येणारी एकच नाव राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. स्पंदनाच्या अगदी समोर बसणाऱ्या चैत्राची, वयाच्या अटीमुळे, ही शेवटचीच संधी होती.

नाव सुटली आणि मी हादरलोच. चौघींची पाठ शेवटच्या रेषेकडे! समोरचं दिसायचं ते एकट्या स्पंदनाला. ती म्हणेल तेव्हा जोर लावायचा आणि ती 'साकु', म्हणजे पुरे, म्हणाली की वल्ही थांबवायची. सगळा सराव कन्नडातच झालेला. अय्यो, चार धिप्पाड पोरी माझ्या एवढ्याशा पोरीच्या तोंडावर विसंबून!

आणि काय ओरडली हो! ही माझीच का, असं वाटलं. नाव अर्ध्या लांबीने पुढे गेली. वल्ह्याचे शेवटचे दहा हात राहिले तशी ती मोजायला लागली. एरवी कन्नडात मोजायची, पण त्या दिवशी भान सुटलं आणि मराठीत सुरू झाली. "पाच! सहा! सात!"

वाऱ्यात चैत्राला 'सात' ऐकू आलं नाही, 'साकु' ऐकू आलं. तिने वल्हं थांबवलं. तिचं बघून मागच्या तिघींनीही थांबवलं.

रेषा तीन हातांवर, आणि कोणी ओढतच नाही! स्पंदना किंचाळली, चौघींनी पुन्हा वल्ही घातली, पण तेवढ्यात शेजारची नाव पुढे निघून गेली. आकडे तिला मीच शिकवले होते, दुकानात बटणं मोजायला बसवून. माझाच मला असा राग आला म्हणता!

आता चैत्रा हिला फाडून खाणार, म्हणून मी चिखलातून धावलो. नाव काठाला लागत होती. स्पंदना रडत म्हणाली, "चूक माझी, अक्का."

चैत्रा धापा टाकत होती. मीच मध्ये पडून तिला म्हणालो, "अम्मा, तुला तरी कळायला नको? रेषा आली की नाही, जरा मागे वळून बघायचंस."

तिने माझ्याकडे बघितलं ते अगदी नवल करत. कन्नडात म्हणाली, "स्पंदना सांगते तेव्हा कशाला बघायचं, अंकल?"

एकोणीस वर्षांत माझ्या पोरीचा एक शब्द मी तपासल्याशिवाय घेतला नव्हता.