वर केलेला हात
विठ्ठलवाडीच्या नाक्यावर हवालदाराने हात वर केला की मला शहाडच्या त्या धुरळ्याच्या मैदानातला रेफरी आठवतो आणि अजून डोकं फिरतं. फायनलचं शेवटचं मिनिट, आम्ही एका गोलने मागे. फ्री किक मिळाली, मी सरळ गोलात मारली. गोलकीपरने चक्क हसत हात मागे घेऊन बॉल आत जाऊ दिला. आम्ही नाचायला लागलो, तर रेफरीने गोल नाकारला. "इनडायरेक्ट होती. आधी दुसऱ्या कुणाला तरी बॉल लागायला हवा." "मग सर, आधी बोलायचं ना!" "हात वरच होता की माझा." "बरं, किक तरी परत द्या." "भाजी घेतोयस का रे?" म्हणत त्याने शेवटची शिट्टी मारली. आज बाजारात मी कुणालाही बोलून नमवतो, पण त्या हाताचा अर्थ तेव्हा आमच्या अकरांत एकालाही माहीत नव्हता. हसणाऱ्या त्या कीपरला होता.