ज्याची ओळ राहते

आमच्या ऑफिसात प्रोग्रामचा कोड सांभाळायला एसव्हीएन होतं. एकानं फाइल धरली की दुसरा गप थांबायचा. ते बदलून गिट आणलं मी, सगळ्यांना शिकवलंही मीच. आता दोघंजण एकाच वेळी एकच ओळ बदलतात आणि मर्ज करताना, म्हणजे दोघांचं काम एकत्र जोडताना, कुणाची ओळ ठेवायची यावर अडतं. अडलं की हाक मात्र माझ्या हाताखालच्या एका पोराला जाते.

हा गडमुडशिंगी गावाहून मोपेडवर येतो, हेल्मेट टेबलावर आदळतो आणि गिटच्या कमांड अजून कागदावर बघून टाइप करतो. माझं डोकं तिथंच फिरतं.

ज्यांच्या ओळी अडकल्या त्या दोघांना तो शेजारी बसवतो आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचतो. "ह्ये बी बरोबर हाय, त्ये बी बरोबर हाय की! तुमास्नी करायचं काय हुतं?" दोघं सांगतात, हसतात, आणि अर्ध्या तासात दोघांचं मिळून एक होतं. मी हेच दोन मिनिटांत करतो. मला कुणी बोलवत नाही.

परवा त्याची आणि माझीच ओळ अडकली. मी भांडायच्या तयारीनं गेलो. त्यानं दोन्हीकडचं वाचलं, डोकं खाजवलं. "तुमचं सोपं हाय, सर," म्हणाला आणि स्वतःच्या वीस ओळी पुसून टाकल्या. वर चहाला चला म्हणाला.

मी गेलो नाही. जागेवर येऊन मी आजवर एकट्यानं सोडवलेले सगळे मर्ज उघडून बघितले. प्रत्येक ठिकाणी ओळ माझीच राहिली होती.