साडूंची पिवळी गाडी आणि तिचा मेंदू

माझ्या साडूंइतकं जोरात गाड्यांविषयी बोलणारा आणि त्यांच्याइतकी हळू गाडी चालवणारा दुसरा माणूस ठाणे जिल्ह्यात नसेल. उभी नोकरी त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात घालवली. त्यामुळे गाडी दिसली की ती कुठे आपटली असेल हेच त्यांना आधी दिसतं. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी दारात थांबली, बायका औक्षणाला धावल्या आणि हे चाकाशी उकिडवे बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डावा दरवाजा बदललेला आहे. पार्टी लपवतेय!" व्याही दोन दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर दोनच दरवाजांची, जुनी पण झणझणीत पिवळी स्पोर्ट्स कार घेऊन येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नौपाड्यातल्या त्यांच्या गल्लीत ती गाडी म्हणजे नऊवारीच्या दुकानात चुकून आलेली परदेशी पाहुणी वाटते. तिच्यासाठी त्यांनी कातडी हातमोजे घेतले. ते चढवायला त्यांना लागतात सहा मिनिटं, आणि मग गाडी निघते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत. मागून भाजीवाली हातगाडी ढकलत ओरडते, "काका, पुढे घ्या ना!"

घोटाळा झाला तो पूजेच्या दिवशीच. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला, आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पूजेचं तबक मांडीवर घेऊन कौतुकाने शेजारी बसली. साडूंनी पाय जेमतेम टेकवला असेल, गाडीने अशी उसळी मारली की निरांजन काचेवर, कुंकू ताईच्या चष्म्यावर, आणि तिची मान आखडली ती पंधरा दिवस. "मी जन्मात पुन्हा या गाडीत बसायची नाही," असं सांगून ताई उतरली. तिने शब्द पाळला. तेव्हापासून कुठेही जायचं तर ताई पुढे रिक्षातून आणि हे मागून पिवळ्या गाडीतून. रिक्षा आधी पोचायची. लोकांच्या दारात नवऱ्याची वाट बघत ताई उभी! शेजारच्या सीटवर मात्र साडू कुणाला बसू देत नसत. मी एकदा आंब्यांची पिशवी ठेवली तर तीसुद्धा मागे ठेवायला लावली.

आणि अशात त्यांनी गाडीचं इंजिन रीमॅप करायचं काढलं. "इंजिनाला मेंदू असतो, साडूभाऊ. संगणकच तो. कंपनी त्यात मसाला बेताचा घालते, सगळ्या जगाला चालला पाहिजे ना? आपण आपल्या चवीचा घालून घ्यायचा." करावं की न करावं, हे त्यांनी सहा महिने दिसेल त्याला विचारलं. दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना विचारलं. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना विचारलं. त्यांनी मुहूर्त काढून दिला. नाक्यावरचा रिक्षावाला तेवढा खरं बोलला: "काका, वाढवलेली पॉवर टाकणार कुठे? गोखले रोडला?"

माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. "ताईला त्या गाडीत बसवायचं राहिलं बाजूला, हे गाडीलाच आणखी चेकाळवणार! तुम्ही जा आणि थांबवा त्यांना."

मुहूर्ताच्या सकाळी मी ठाकुर्लीहून स्कूटर काढली आणि डोंबिवली एमआयडीसीतलं ते गॅरेज गाठलं. तिथल्या बाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर, लॅपटॉपची वायर गाडीला जोडून बसलेल्या. "काका, वॉरंटी तशीही संपलीय. विमा कंपनीला कळवावं लागेल तेवढं. पण गाडी बाणासारखी सुटेल बघा."

साडूंनी हातमोजे काढले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "बाणासारखी नको. उलटं करता येईल का? पाय ठेवला की उसळते, ती उसळायला नको. शेजारी बसलेल्या माणसाच्या मानेला धक्का लागता कामा नये."

बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "बारा वर्षं हे काम करतेय मी. जो येतो तो ताकद वाढवायला. कमी करायला आलेले तुम्ही पहिलेच. मग स्पोर्ट्स कार घेतलीत कशाला?"

"आवडते मला. पण एकट्याने किती फिरायचं?"

पाठ करून आणलेलं भाषण मी गुंडाळून ठेवलं. मला त्या क्षणी ते फार आवडले, आणि सहा महिने त्यांची टिंगल केल्याची मनापासून लाज वाटली.

पुढच्या रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला येणार होते. ताई फक्त कोपऱ्यापर्यंत येते म्हणून गाडीत बसली होती, हे नंतर कळलं. दुपारी पिवळी गाडी फाटकाशी येऊन थांबली. दहा मिनिटं झाली तरी दार उघडेना, म्हणून मी खाली गेलो. एसीसाठी इंजिन चालूच होतं. आत ताई मान एका बाजूला टाकून गाढ झोपली होती. मी काचेवर टकटक करायला हात उचलला, तर साडूंनी ओठांवर बोट ठेवलं.

वरून बायको हाक मारत होती, "अहो, पुऱ्या निवतायत!" मी तिला हातानेच गप्प केलं आणि तिथेच उन्हात उभा राहिलो. माझ्या बायकोला अशी निवांत झोप लागावी म्हणून मी आजवर काय केलं, ते आठवून पाहिलं. लवकर काही आठवलं नाही.