सिस्टर आणि बुरुजातली खोली

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की पहिल्या दहा मिनिटांत वरच्या मजल्यावर गायब व्हायच्या. बाथरूमला गेल्या असतील म्हणून आपण चहा टाकावा, तर त्या खाली येऊन शांतपणे सांगणार, "तुझ्या लेकीचा पलंग केला गं. फार वाईट अवस्था होती." पलंग करणं हा त्यांचाच शब्द. आपण अंथरूण घालतो, आवरतो. सिस्टर पलंग करायच्या. चादर ताणायची, कोपरे हॉस्पिटलसारखे दुमडायचे, वरून एकदा हात फिरवायचा. मग त्यावर झोपायचीही चोरी. "पलंग बघितला की घरातलं माणूस कळतं," असं त्या म्हणायच्या. माझा पलंग बघून त्यांना काय कळलं होतं, ते मी कधी विचारायला गेले नाही.

इंग्लंडात लेस्टरला आमच्यापासून चार घरं सोडून त्या आणि डॉक्टर राहायचे. मिरजेला नर्सिंग शिकलेल्या, इथे तीसेक वर्षं वॉर्ड सिस्टर. रिटायर होऊन जमाना झाला तरी अख्खं मराठी मंडळ त्यांना सिस्टरच म्हणायचं. खुद्द डॉक्टरसुद्धा. "सिस्टर, माझा चष्मा बघितलात का?" असं नवरा बायकोला विचारतोय हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मूलबाळ नव्हतं. का नव्हतं, हे कुणी विचारलं नाही, आणि दोघांनीही कधी विषय काढला नाही.

माझी लेक झाली तेव्हा मी इथे नवीनच होते. आईचा व्हिसा अडकला आणि मी एकटी पडले. सिस्टर रोज कामावरून थेट माझ्याकडे यायच्या. बाळाला अंघोळ घालायची, मला डिंकाचा लाडू खायला लावायचा आणि हो, पलंग करायचा. बारशाच्या घुगऱ्यासुद्धा त्यांनीच शिजवल्या. पण बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली आणि या बाई स्वयंपाकघरातून बाहेर येईनात. मी दोनदा हाक मारली. "हात ओले आहेत गं, तुम्ही उरका," म्हणाल्या आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिल्या. मला राग आला. इतकं सगळं केलंत, मग पाच मिनिटं पाळण्याशी उभं राहायला काय झालं होतं? माझा स्वभाव मुळातच धरून ठेवणारा. तो राग मी अठरा वर्षं जपून ठेवला.

डॉक्टर गेले त्याच्या पुढच्या वसंतात सिस्टर माझ्याकडे आल्या. वर न जाता थेट खुर्चीत बसल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी वेगळं आहे. "उत्तर आयर्लंडमध्ये एक कॅसल आहे," त्या म्हणाल्या. "आता हॉटेल झालंय. मला तिथे दोन दिवस राहायचंय. येशील सोबत?"

मी चकित झाले. हॉटेलात राहायचं म्हटलं की या बाईंच्या कपाळाला आठ्या. सुट्टीत ब्रिस्टलच्या पुढे कधी गेल्या नाहीत, आणि आता एकदम कॅसल? पण डॉक्टरांशिवाय पहिलंच वर्ष, म्हटलं हौस असेल. खोली कशी हवी ते त्यांनी अगदी नीट सांगितलं होतं. दुसरा मजला, मागची बाजू, खिडकीतून तळं दिसणारी. वेबसाइटवर मागच्या बाजूची एकही खोली नव्हती. मग मी स्वतःला शहाणं समजून पुढच्या बुरुजातली सगळ्यात भारी खोली घेतली. चार खांबांचा पलंग, वर मखमली छत. म्हातारीला सरप्राइज देऊ. त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. माझं हे नेहमीचंच आहे, दुसऱ्याला काय हवं ते मी परस्पर ठरवून टाकते.

निघताना त्यांच्या पिशवीत एक स्टीलचा डबा होता. विमानतळावर तपासणीत तो उघडावा लागला. आत हरभऱ्याच्या घुगऱ्या. "सिस्टर, कॅसलमध्ये खायला कमी आहे का?" मी कातावून म्हटलं. मागे ही रांग लागलेली. "असू दे गं," म्हणत त्यांनी झाकण घट्ट लावलं. डब्याखाली एक प्लास्टिकची पिशवी होती. ती मात्र त्यांनी तपासणाऱ्याच्या हातात दिली नाही, आपणच उघडून दाखवली.

बेलफास्टहून भाड्याची गाडी घेऊन आम्ही संध्याकाळच्या आत पोचलो. लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, शेवटी तो राखाडी दगडांचा कॅसल. प्रत्येक खोलीच्या दारावर पितळी पाटी, तिथे कोण लॉर्ड नाहीतर कुठली लेडी राहून गेली त्याची. मी वाचत वाचत पुढे चालले होते. बुरुजातल्या खोलीचं दार उघडलं आणि मी मोठ्या ऐटीत बाजूला झाले. सिस्टर उंबऱ्यातच थांबल्या.

"ही नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, याच्यापेक्षा चांगली खोलीच नाही इथे."

"खरंय. चांगलीच आहे." एवढंच बोलून त्या आत आल्या आणि कोट न काढता खिडकीशी बसल्या. खिडकीतून लॉन दिसत होतं. तळं मागच्या बाजूला होतं.

सकाळी मला जाग आली तेव्हा त्या अंगावर शाल घेऊन त्याच खुर्चीत होत्या. त्यांची पलंगाची बाजू होती तशीच, हातसुद्धा न लावलेली. आयुष्यभर लोकांचे पलंग करणारी बाई पलंग सोडून रात्रभर खुर्चीत बसली, हे बघून माझी झोप खाडकन उतरली. मी समोर जाऊन जमिनीवर बसले. म्हटलं, सिस्टर, चुकलंच माझं. आता सांगा.

त्यांनी सांगितलं. सांगताना मेजावरचं हॉटेलच्या इतिहासाचं पुस्तक चाळत होत्या. "यात नाही बघ. शिकारी आहेत, मेजवान्या आहेत. पण मधली काही वर्षं हे मॅटर्निटी होम होतं, ते कुठेच नाही." डॉक्टरांची पहिली नोकरी इथून जवळच्या हॉस्पिटलात. लग्नाला दोन वर्षं झालेली. मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर सिस्टरांना मुलगी झाली. ती रडलीच नाही. नर्सने ब्लँकेटमधून क्षणभर दाखवली. डोक्यावर भरपूर काळं जावळ होतं. मग घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदांवर सह्या केल्या. कुठे नेलं, कुठे पुरलं, हे विचारायचं नाही असं ठरलं.

"ठरलं म्हणजे मी नाही ठरवलं," सिस्टर म्हणाल्या. "पण मी विचारलंही नाही. तेव्हा असंच असायचं. डॉक्टरांनी पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही. आणि नाव होतं कुठे काढायला. बारसंच झालं नाही."

तिसऱ्या दिवशी घरी जा म्हणाले. मग सिस्टरांनी स्वतःचा पलंग केला. टाके दुखत होते तरी कोपरे दुमडून, चादर ताणून. "बाई मुलाशिवाय निघाली की मागे पलंग तरी नीट राहावा, असं वाटलं बघ. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं."

मला माझ्या स्वयंपाकघरातलं ते पातेलं आठवलं. अठरा वर्षं मी कसला राग धरून बसले होते, आणि कुणावर? मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी त्यांच्यापुढे बोलून दाखवली. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यांनी ती प्लास्टिकची पिशवी उघडली. आत एक पिवळं पडलेलं झबलं-टोपडं आणि एक पत्र. डॉक्टरांच्या एकुलत्या एका बहिणीने साताऱ्याहून पाठवलेलं. पार्सल पोचलं तेव्हा मूल जाऊन आठवडा झाला होता. ती नणंदही आता हयात नव्हती. "नाव आत्यानेच ठेवायचं असतं," सिस्टर म्हणाल्या. "मला माझ्या मुलीचं बारसं करायचंय. त्या खोलीत. तू तिची आत्या होशील?"

मी होय म्हटलं.

आता खोली मिळवायची होती. रिसेप्शनवरच्या पोरीला काहीच माहीत नव्हतं. पाहुण्यांच्या खोल्या सगळ्या पुढच्या बाजूला, मागे फक्त स्टाफ, एवढंच ती म्हणत राहिली. मी आवाज चढवणार तेवढ्यात हाऊसकीपिंगच्या मॉरीनबाई तिथे आल्या. साठीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मॅटर्निटी होम म्हटल्यावर त्या थांबल्या. "मी इथेच जन्मले," त्या म्हणाल्या. "गावातली निम्मी माणसं इथे जन्मली." मग सिस्टरांकडे बघून हळूच विचारलं, "आणि तुमचं बाळ?" सिस्टरांनी नकारार्थी मान हलवली. जुडग्यातली किल्ली शोधत मॉरीन चालायला लागल्या.

दुसऱ्या मजल्यावर मागे कार्पेट नव्हतं, पाट्याही नव्हत्या. मॉरीनने दार उघडलं. ती आता लिनन रूम होती. भिंतीभर फळ्या, आणि त्यांवर छतापर्यंत पांढऱ्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं घडीवर घडी. मधे खिडकी, आणि खिडकीतून तळं. सिस्टर बराच वेळ आत पाऊल टाकेनात. मग गेल्या आणि एका चादरीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. "बरं ठेवलंय," म्हणाल्या.

पाळणा कुठून आणणार? मॉरीनने कपड्यांची वेताची टोपली रिकामी करून दिली. सिस्टरांनी तिच्यात चादर घातली. एवढ्याशा टोपलीतही त्यांनी कोपरे दुमडले. वर झबलं ठेवलं, त्याच्या डोक्याशी टोपडं. टोपलीचा एक कान त्यांनी धरला, दुसरा मॉरीनला धरायला लावला. पाळणा म्हणताना त्यांचा सूर जागेवर नव्हता, मधल्या ओळी विसरल्या होत्या, पण त्या थांबल्या नाहीत. मॉरीन मुकाट्याने टोपली हलवत होत्या.

मी पत्र उघडलं. शाई फिकी झाली होती. मुलगी झाली तर शुभदा ठेवा, असं आत्याने लिहिलं होतं. मी वाकले. टोपड्याशी तोंड नेलं, हळूच कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. मग सरळ उभी राहून मोठ्याने म्हटलं, शुभदा.

सिस्टरांनी ते नाव स्वतःशी एकदा उच्चारलं. पन्नासेक वर्षांपूर्वी पत्रात वाचलेलं नाव आजवर एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग एकदम माझ्या पाठीत तीन सणसणीत गुद्दे बसले. वॉर्ड सिस्टरचा हात, मी कळवळले. मॉरीन दचकल्या. "आत्याला मार बसतो, पद्धत आहे आमची," सिस्टरांनी डोळे पुसत त्यांना इंग्रजीत समजावलं आणि डबा पुढे केला. आम्ही तिघींनी चादरींच्या त्या खोलीत उभ्याने घुगऱ्या खाल्ल्या. मॉरीनने दोनदा मागून घेतल्या.

त्या रात्री सिस्टर चार खांबांच्या पलंगावर झोपल्या, त्या थेट सकाळी नऊपर्यंत. उठल्या आणि पांघरूण तसंच चुरगळलेलं टाकून पर्स उचलून निघाल्या. मी पलंगाकडे बघतच राहिले. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मॉरीन करेल."

परत आल्यावर त्यांनी मला नवीनच हाक मारायला सुरुवात केली. वन्सं. मी पंचवीस वर्षांनी लहान, आणि या मला अहोजाहो करणार. "वन्सं, चहा घेता ना?" मंडळात लोक हसायचे. मी चिडायचे, नका हो असं म्हणू, मला म्हातारं वाटतं. त्या ऐकायच्या नाहीत. "नणंदेला नावाने हाक मारायची पद्धत नाही आमच्यात," असं ठणकावून सांगायच्या. माझ्या घरी यायच्या, पण वर जाणं त्यांनी बंद केलं होतं.

दोन वर्षांनी त्यांना हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा शेवटच्या दिवसांत फक्त कुटुंबातल्या माणसांना सोडत होते. तुम्ही कोण, असं नर्सने विचारलं. पलंगावरून, डोळे न उघडता, सिस्टरच बोलल्या, "सिस्टर-इन-लॉ." मग मराठीत, "उभ्या काय राहिलात वन्सं. पायाकडचा कोपरा सुटलाय, तेवढा करा." मी केला. त्यांनी शिकवला होता तसा, हॉस्पिटलसारखा. आणखी दोन दिवसांनी त्या गेल्या.

फ्युनरलच्या सकाळी मी ती प्लास्टिकची पिशवी घेऊन गेले. शवपेटीत त्यांना पांढऱ्या चादरीवर निजवलं होतं. चादर एका बाजूने सैल होती. मी ती ताणून घेतली आणि झबलं-टोपडं त्यांच्या हाताखाली ठेवलं. तिथला माणूस वही घेऊन उभा होता, आत ठेवलेल्या वस्तू लिहून घ्याव्या लागतात म्हणाला. बाळाचे कपडे बघून त्याने अदबीने विचारलं, हे कुणाचे म्हणून लिहू?

"माझ्या भाचीचे," मी म्हटलं. "शुभदाचे."