इराचं हिमोग्लोबिन आणि जसलीनचा प्रश्न

मैत्रिणींनो, आज दुपारी इथे चंदीगडजवळ, झिरकपूरला, आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. नववीतली माझी इरा तिसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसली. "मम्मा, साँस फूल रही है यार."

तशीच तिला डॉक्टरांकडे नेली. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन बरंच कमी. शाळेत मिळणारी लोहाची गोळी घेतेस का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"उससे उल्टी जैसा होता है. सब लड़कियाँ फेंक देती हैं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रिकाम्या पोटी घेऊ नकोस, डबा खाल्ल्यावर घे, म्हणाल्या. लोह अंगी लागावं म्हणून जेवणात लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, हेही सांगितलं.

घरी आल्यावर इराने मैत्रिणीला, जसलीनला, फोन लावून तपासणीचं सांगितलं. "गोली टिफिन के बाद साथ में खाएँगे, पक्का?"

जसलीन म्हणाली, "आंटी को फोन दे."

मी फोन घेतला.

"आंटी, मेरा भी टेस्ट करवा दोगे? मुझे भी चक्कर आते हैं. घर पे बताया नहीं."

तिच्या आईशी बोलले. उद्या त्या मायलेकी तपासणीला जाताहेत.

तुमच्या मुलीला चक्कर येते का, हे तुम्ही तिला कधी विचारलंय?